वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधली कुटुंब-नोंद: नातं दुरुस्त करा, माणूस पुसू नका

वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत जास्त नुकसान होतं ते चुकीचं नातं दुरुस्त करताना. एखादी मुलगी भलत्याच आईवडिलांना जोडलेली दिसते, म्हणून तिची नोंद डिलीट केली जाते आणि योग्य घरात ती नव्याने भरली जाते. पडद्यावरचं झाड बरोबर दिसू लागतं. पण जुन्या नोंदीला लावलेले दाखले (माहितीच्या आधाराचे संदर्भ), फोटो, टिपणं आणि तिच्या स्वतःच्या मुलांकडे जाणारे दुवे त्या डिलीटबरोबर गेलेले असतात. खरं तर एक दुवा सोडवून दुसरीकडे बांधला असता तर काम झालं असतं.

खालच्या पायऱ्या ग्रॅम्प्स हे सॉफ्टवेअर समोर धरून दिल्या आहेत. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. रूट्समॅजिक, फॅमिली ट्री मेकर, लेगसी किंवा वेबट्रीजमध्ये बटणांची नावं आणि जागा बदलतात, पण आतली मांडणी बरीचशी सारखीच असते. कारण या सगळ्यांना जेडकॉम या एकाच फाइल-प्रकारातून माहितीची देवाणघेवाण करावी लागते.

व्यक्ती वेगळी, कुटुंब वेगळं

सॉफ्टवेअरच्या दृष्टीने कुटुंब ही स्वतंत्र नोंद असते. तिला स्वतःचा क्रमांक असतो. ग्रॅम्प्समध्ये व्यक्तीला आय०००१ आणि कुटुंबाला एफ०००१ अशा धर्तीचे क्रमांक मिळतात. कुटुंब-नोंदीत तीन गोष्टी राहतात: जोडीदार, त्यांची मुलं, आणि त्या जोडप्याच्या घटना, म्हणजे लग्न, साखरपुडा, घटस्फोट वगैरे. नाव, लिंग, जन्म, मृत्यू, व्यवसाय, शिक्षण हे सगळं व्यक्तीच्या नोंदीत.

"अमक्याचा बाप तमका" असं वाक्य डेटाबेसमध्ये थेट कुठेच लिहिलेलं नसतं. मुलगा एका कुटुंबाकडे बोट दाखवतो आणि त्या कुटुंबात वडिलांच्या जागी कोण बसलंय, त्यावरून बाप ठरतो. जेडकॉम फाइलमध्ये हे दुवे दोन्ही बाजूंनी लिहिलेले असतात. व्यक्तीच्या नोंदीत "मी या कुटुंबातलं मूल" आणि "मी या कुटुंबातला जोडीदार" असे दोन प्रकारचे दुवे असतात, तर कुटुंबाच्या नोंदीत उलटे दुवे. दोन्ही टोकं जुळली तरच नातं टिकतं. फाइल हाताने संपादित केली किंवा इम्पोर्ट अर्धवट झालं की एकच टोक उरतं, आणि मग मूल वडिलांच्या पानावर दिसतं पण मुलाच्या पानावर वडील दिसत नाहीत. असं काही दिसलं की समजावं, नातं एकाच बाजूने जोडलेलं राहिलं आहे.

या मांडणीतून काही नियम आपोआप निघतात. दोन लग्नं झालेल्या माणसाच्या दोन कुटुंब-नोंदी होतात. त्याची नोंद एकच, पण ती दोन्ही कुटुंबांत जोडीदार म्हणून बसते. सावत्र भावंडं सॉफ्टवेअर यावरूनच ओळखतं. लग्नाची घटना कुटुंबावर एकदाच लिहायची, नवऱ्यावर एकदा आणि बायकोवर एकदा अशी नाही. तशी लिहिली तर अहवालात एकाच लग्नाची दोन लग्नं होतात आणि एका ठिकाणी सुधारलेली तारीख दुसरीकडे जुनीच राहते.

आई किंवा वडील माहीत नसतील तर ती जागा रिकामी ठेवा. "अज्ञात" नावाची व्यक्ती तयार करू नका. अशा दहा-वीस व्यक्ती साठल्या की दुहेरी नोंदी शोधणारं साधन त्या सगळ्यांना एकच माणूस समजून तुमच्यापुढे ठेवतं, आणि एखाद्या दिवशी घाईत त्या एकत्र केल्या जातात.

आधी बॅकअप, आणि त्याची परीक्षा

ग्रॅम्प्समध्ये केलेले बदल उलटे फिरवता येतात, पण फक्त त्या बैठकीपुरते. कार्यक्रम बंद केला की मागे जाण्याची यादी पुसली जाते. त्यामुळे नाती हलवायची असतील किंवा नोंदी एकत्र करायच्या असतील, तर त्याआधी "फॅमिली ट्रीज" मेनूतून "मेक बॅकअप" घ्या. फोटो आणि स्कॅनसह बॅकअप हवा असेल तर मीडिया समाविष्ट करण्याचा पर्याय निवडा, म्हणजे डॉट-जीपीकेजी फाइल बनते. नुसती डॉट-ग्रॅम्प्स फाइल घेतली तर तिच्यात फोटो कुठे ठेवलेत तेवढा पत्ता असतो, फोटो नसतात. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने टाका, म्हणजे फोल्डरमध्ये बॅकअप आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

बॅकअप उघडतो की नाही हे बघितल्याशिवाय त्याच्यावर भिस्त ठेवू नये. नवं रिकामं झाड तयार करा, त्यात तो बॅकअप इम्पोर्ट करा, आणि व्यक्ती, कुटुंबं, घटना, दाखले यांचे आकडे मूळ झाडाशी ताडून पाहा. "रिकामं" हा शब्द इथे महत्त्वाचा. चालू झाडावरच इम्पोर्ट केलं तर जुनं जाऊन नवं येत नाही, दोन्ही एकमेकांत मिसळतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना महागात पडते. चालू डेटाबेस क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवून तो दोन संगणकांवर उघडायचा. डेटाबेसची फाइल अर्धी लिहून झालेली असतानाच ती दुसरीकडे नक्कल होते आणि बिघडते. क्लाउडवर बॅकअपच्या फाइल ठेवा. चालू डेटाबेस एका यंत्रावरच राहू द्या.

नवं कुटुंब भरताना

१. प्रत्येक नावासाठी आधी शोध घ्या, मग नवी नोंद करा. आडनावाच्या सगळ्या वर्तनी आणि लग्नापूर्वीचं नाव टाकून बघा. दुहेरी नोंदींचा उगम बहुतेक वेळा या टाळलेल्या शोधात असतो.

२. व्यक्ती निवडून "रिलेशनशिप्स" दृश्यात जा. तिच्या आईवडिलांचं कुटुंब जोडायचं असेल तर नव्या पालकांचं बटण वेगळं असतं आणि तिचं स्वतःचं लग्नाचं कुटुंब जोडायचं बटण वेगळं. हे दोन अदलाबदल झाले की बाप नवऱ्याच्या जागी जाऊन बसतो.

३. पालक आधीच एखाद्या कुटुंबात असतील आणि तुम्ही त्यांचं दुसरं मूल भरत असाल, तर नवं कुटुंब तयार करू नका. मूल म्हणून विद्यमान कुटुंबात जोडण्याचा पर्याय घ्या. हे चुकलं की त्याच आईवडिलांची चार मुलं चार वेगवेगळ्या कुटुंब-नोंदींत विखुरतात आणि तक्त्यात तेच जोडपं चारदा दिसतं.

४. कुटुंबाच्या संपादन-खिडकीत वडील आणि आई यांच्या चौकटींजवळ दोन बटणं असतात: अधिक-चिन्ह म्हणजे नवी व्यक्ती, दुसरं म्हणजे यादीतून निवडणं. व्यक्ती आधीच नोंदलेली असेल तर अधिक-चिन्हाला हात लावू नका.

५. नात्याचा प्रकार निवडा. विवाहित, अविवाहित, नागरी जोडीदारी किंवा अज्ञात. लग्नाचा पुरावा नसेल तर "विवाहित" गृहीत धरण्यापेक्षा "अज्ञात" बरं.

६. मुलं जन्माच्या क्रमाने लावा. ओळ ओढून वर-खाली करता येते. जन्मसाल माहीत नसलं तरी कोण थोरलं, कोण धाकटं हे घरच्यांना ठाऊक असतं, आणि ही माहिती क्रमाशिवाय दुसरीकडे कुठेच टिकत नाही. जुळ्यांचा क्रमही इथेच, जन्मवेळ टिपणात.

७. प्रत्येक मुलाच्या ओळीवर डबल-क्लिक करून वडिलांशी नातं आणि आईशी नातं वेगवेगळं तपासा: जन्माने, दत्तक, सावत्र, सांभाळलेलं, अज्ञात. न तपासता सोडलं तर दोन्हीकडे "जन्माने" असंच राहतं.

मूल चुकीच्या घरात असेल तर

चुकीचं कुटुंब उघडा, "चिल्ड्रन" टॅबमध्ये मुलाची ओळ निवडा आणि वजा-चिन्ह दाबा. याने मूल पुसलं जात नाही, फक्त या कुटुंबाशी असलेला दुवा सुटतो. जतन करा. आता बरोबर कुटुंब उघडा आणि विद्यमान व्यक्ती जोडण्याच्या बटणाने त्याच मुलाला आत घ्या. त्याच्या क्रमांकावरून खात्री करा की तीच व्यक्ती आली, त्याच नावाची दुसरी नाही. मूल बाहेर पडल्यावर जुन्या कुटुंबात कोणीच उरलं नसेल तर ती कुटुंब-नोंद काढून टाका. ग्रॅम्प्समध्ये कुटुंब डिलीट केल्याने त्यातली माणसं जात नाहीत, ती फक्त एकमेकांपासून सुटतात. पण त्या कुटुंबावर लग्नाची घटना किंवा दाखले लावलेले नाहीत ना, हे आधी पाहा.

जोडीदार चुकला असेल तेव्हा जास्त जपावं लागतं. कुटुंबात आईच्या जागी दुसरी व्यक्ती बसवली की त्या कुटुंबातली सगळीच मुलं नव्या आईची होतात. एकाच नोंदीत पहिल्या बायकोची आणि दुसऱ्या बायकोची मुलं मिसळली असतील तर आईचं नाव बदलून ते सुटणार नाही. त्याच वडिलांना घेऊन दुसरं कुटुंब उघडा, तिथे दुसरी पत्नी बसवा, आणि ज्या मुलांची आई ती होती त्यांना एकेक करून पहिल्यातून सोडवून दुसऱ्यात आणा. कोणतं मूल कोणाचं, हे ठरवायला पहिल्या पत्नीची मृत्युतारीख हा सर्वांत खणखणीत आधार असतो. तिच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल तिचं असू शकत नाही. वडिलांच्या बाबतीत मात्र नऊ महिन्यांची सवलत द्यावी लागते.

दत्तक मुलाचे जन्मदाते पुसू नका. त्याला पालकांचे दोन संच द्या, एक जन्माचा आणि एक दत्तकाचा, आणि प्रत्येकात नात्याचा प्रकार लिहा. बहुतेक तक्ते पहिल्या क्रमांकावरचे पालक घेऊन पुढे जातात. त्यामुळे कोणती परंपरा काढायची आहे त्याप्रमाणे "रीऑर्डर"च्या बटणाने त्यांचा क्रम बदला. सावत्र आई किंवा वडिलांसाठी सहसा वेगळं काही जोडावं लागत नाही. आईने पुन्हा लग्न केलं की तिच्या दोन कुटुंब-नोंदींवरून ते नातं कळतंच. दुसऱ्या कुटुंबात मुलाला सावत्र म्हणून घालायचंच असेल तर ते संपूर्ण झाडात एकाच पद्धतीने करा.

इथे जेडकॉमची एक मर्यादा लक्षात ठेवावी. जेडकॉम ५.५.१ मध्ये पालकत्वाच्या प्रकारासाठी जन्म, दत्तक, सांभाळलेलं असे मोजकेच शब्द आहेत आणि "सावत्र" त्यांत नाही. शिवाय हा शब्द संपूर्ण कुटुंबाशी असलेल्या दुव्याला लागतो. "आईकडून जन्माने, वडिलांकडून दत्तक" असा भेद काही सॉफ्टवेअर स्वतःच्या खास ओळी घालून लिहितात, आणि दुसरं सॉफ्टवेअर त्या वाचेलच असं नाही. म्हणून हे नातं टिपणातही स्पष्ट वाक्यात लिहून ठेवा. खास ओळ गळाली तरी टिपण बहुधा पोचतं.

आजोबा आणि नातू यांचं नाव एकच असेल तर एक विचित्र बिघाड होतो. नातवाच्या जागी यादीतून आजोबा निवडले जातात, आणि माणूस स्वतःचाच पूर्वज बनतो. वंशजांचा तक्ता काढताना सॉफ्टवेअर गोल फिरत राहतं किंवा चूक दाखवून थांबतं. अशा वेळी त्या नावाच्या सगळ्या व्यक्तींची यादी काढून प्रत्येकाच्या जन्मसालावरून कोणत्या पायरीवर साल मागे गेलं ते शोधा. मुलगा बापाआधी जन्मलेला दिसेल तिथेच चुकीचा दुवा आहे. पुढे गोंधळ टाळायला नावाच्या रकान्यात "थोरले" असं काही कोंबू नका. त्यासाठी प्रत्ययाचा वेगळा रकाना असतो, आणि यादीत जन्मसाल दिसेल अशी सोय करून घ्या.

दुहेरी नोंदी एकत्र करणं

एकत्र करायला दोन क्लिक पुरतात. चुकून एकत्र केलेली माणसं वेगळी करायला प्रत्येक घटना आणि प्रत्येक दाखला पुन्हा वाटावा लागतो. म्हणून फक्त नाव जुळलं एवढ्यावर कधीही थांबू नका. नाव, जन्माचा काळ, आणि यांशिवाय पालक किंवा जोडीदार यांपैकी एक तरी स्वतंत्रपणे जुळलं पाहिजे. ग्रॅम्प्समधलं "फाइंड पॉसिबल ड्युप्लिकेट पीपल" संशयित जोड्या काढून देतं. त्याचा गुणांक म्हणजे फक्त इशारा.

एकाच घरात एकाच नावाची दोन मुलं दिसली तर ती लगेच दुहेरी नोंद समजू नका. लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला ठेवण्याची पद्धत जगभर अनेक समाजांत होती. पहिल्याचा मृत्यू दुसऱ्याच्या जन्माआधीचा असेल तर ती दोन वेगळी माणसं आहेत.

क्रम असा ठेवा. सर्वांत जुन्या पिढीपासून सुरुवात करा, कारण आजीआजोबा एक झाले की खालची कुटुंबं ओळखणं सोपं होतं. दोन्ही व्यक्ती कंट्रोल दाबून निवडा आणि "एडिट"मधून "मर्ज" उघडा. कोणती नोंद प्रधान ठेवायची ते इथे ठरतं. तिचं नाव पहिलं राहतं, दुसरीचं नाव पर्यायी नाव बनतं. ज्या नोंदीचा क्रमांक तुम्ही कागदपत्रांवर किंवा फोटोंच्या नावांत वापरला असेल ती प्रधान ठेवा.

एकत्र झाल्यावर काम संपत नाही. दोन्ही नोंदींच्या घटना एकाच व्यक्तीवर येतात, म्हणजे दोन जन्म आणि दोन मृत्यू. घटना तंतोतंत एकच असेल तर त्या दोन घटनाही एकत्र करा, म्हणजे दोन्हींचे दाखले टिकतील. तपशील वेगळे असतील तर दोन्ही राहू द्या. त्यानंतर कुटुंबांच्या यादीत जाऊन त्याच जोडप्याच्या दोन नोंदी उरल्यात का पाहा, आणि शेवटी मुलांच्या यादीत तेच मूल दोनदा आलंय का ते तपासा.

कधी ग्रॅम्प्स एकत्र करायला नकार देतं. दोन व्यक्ती एकमेकांचे जोडीदार किंवा पालक-मूल म्हणून जोडलेल्या असतील तर असं होतं. त्याचा अर्थ आधी एक नातं चुकलेलं आहे. ते सोडवा, मग पुढे जा.

खात्री नसेल तर दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवून त्यांना "तपासायचं" अशी खूण लावा आणि कशावरून शंका आली ते टिपणात लिहा.

तारखा

तारखेच्या रकान्यात जे माहीत आहे तेवढंच लिहा. फक्त साल माहीत असेल तर फक्त साल. "१ जानेवारी" घालून रकाना भरला तर काही वर्षांनी ती खरी तारीख की भरती, हे कोणालाही सांगता येत नाही. सुमारे, आधी, नंतर, दरम्यान, पासून-पर्यंत असे प्रकार सॉफ्टवेअरला समजतात. यांतले शेवटचे दोन वेगळे आहेत. "१९४० ते १९४७ दरम्यान" म्हणजे त्या काळात कधीतरी एकदा, जसा जन्म. "१९४० पासून १९४७ पर्यंत" म्हणजे सलग तेवढी वर्षं, जशी नोकरी किंवा वास्तव्य.

सॉफ्टवेअरला न समजणारी तारीख नुसता मजकूर म्हणून साठते. ती डोळ्यांना दिसते, पण तिच्यावरून वय काढता येत नाही आणि घटना क्रमाने लागत नाहीत. ०३/०४/१९२१ असंही लिहू नका. ती ३ एप्रिल की ४ मार्च, हे फाइल दुसऱ्या सेटिंगच्या संगणकावर उघडली की बदलू शकतं. महिना अक्षरात लिहा.

नोंदीत जन्मतारखेऐवजी वय असेल तर हिशेब नीट करा. १० जून १८९१ ला पूर्ण वय ३४ असलेल्या माणसाचा जन्म ११ जून १८५६ ते १० जून १८५७ या दरम्यान झाला. निव्वळ वजाबाकी करून "१८५७" लिहिलं तर निम्म्याहून अधिक शक्यता हातची जाते. अशी तारीख "हिशेबाने काढलेली" या प्रकारात नोंदवा. "अंदाजे" हा वेगळा प्रकार आहे, तो कशाच्याही थेट आधाराविना केलेल्या तर्कासाठी ठेवा.

जुन्या युरोपीय नोंदी हाताळताना पंचांगाचं भान हवं. ग्रेगोरियन पंचांग १५८२ मध्ये आलं, पण ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी ते १७५२ मध्ये घेतलं, रशियाने १९१८ मध्ये. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींमध्ये त्याआधी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म त्या काळच्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१ चा आणि आजच्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२ चा. दोन्ही तारखा खऱ्याच आहेत. ग्रॅम्प्समध्ये तारखेला पंचांग आणि वर्षारंभ दोन्ही जोडता येतात. मूळ कागदावर आहे तशी तारीख लिहून पंचांग निवडा, स्वतः रूपांतर करून मूळ तारीख पुसू नका.

ठिकाणं

ठिकाणाची नोंद एकदाच करून पुन्हापुन्हा वापरायची असते. दर वेळी नव्याने टंकली की एकाच गावाच्या चार वर्तनी तयार होतात आणि त्या गावातल्या सगळ्या घटनांची यादी कधीच पुरी मिळत नाही. गाव, त्यावर जिल्हा, त्यावर देश अशी एकात एक बसणारी रचना करा. सीमा किंवा नाव बदललेलं असेल तर त्या दुव्याला कालावधी लावता येतो, म्हणजे जुन्या घटनेला जुना प्रांत आणि नव्या घटनेला नवा प्रांत दिसतो.

पुरावा कुठे लावायचा

स्रोत आणि दाखला या दोन पायऱ्या आहेत. स्रोत म्हणजे संपूर्ण नोंदवही, दाखला म्हणजे तिचं अमुक पान, अमुक ओळ. नोंदवहीचा स्रोत एकदाच तयार करून तिच्या प्रत्येक पानासाठी दाखला जोडायचा. प्रत्येक पानाला नवा स्रोत केला तर शेकडो स्रोतांची यादी होते आणि तिचा काही उपयोग राहत नाही.

दाखला माणसाला न लावता तो ज्या घटनेला आधार देतो तिथे लावा. जन्माची नोंद जन्माला, लग्नाची नोंद कुटुंबावरच्या लग्नाला. मूल अमक्याचंच आहे असं सांगणारा कागद असेल तर तो मुलाच्या कुटुंबाशी असलेल्या दुव्यालाच जोडता येतो. नात्यावरून वाद निघतो तेव्हा नेमका हाच कागद लागतो, आणि तो बहुधा भलत्याच ठिकाणी अडकलेला असतो.

प्रत्येक दाखल्याला भरवशाची पातळी द्या. एकच कागद सगळ्या गोष्टींसाठी सारखा भरवशाचा नसतो. मृत्यूचं प्रमाणपत्र मृत्युतारखेसाठी पक्कं असतं, पण त्यावरची जन्मतारीख कोणीतरी दुःखात, आठवणीने सांगितलेली असते. म्हणून त्याच कागदाचे दोन दाखले करा, वेगवेगळ्या पातळीचे. दोन कागद वेगळ्या तारखा देत असतील तर दोन्ही घटना ठेवा, जास्त भरवशाची पहिली, आणि तिला पसंती का दिली ते एका वाक्यात लिहा.

फाइल देताना आणि घेताना

जेडकॉमची सुरुवात १९८४ मध्ये झाली. आज सर्वाधिक चालतं ते ५.५.१, आणि २०२१ मध्ये ७.० आलं. देवनागरीतली नावं वापरत असाल तर एक्स्पोर्ट करताना अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याची खात्री करा. जुन्या सॉफ्टवेअरचा ॲन्सेल हा संच लॅटिन लिपीसाठी होता. त्यात देवनागरी अक्षरं बसत नाहीत आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एकदा तशी जतन झालेली फाइल परत आणता येत नाही. ७.० मध्ये यूटीएफ-८ सक्तीचं आहे, आणि फोटोंसकट एकच पुडकं करण्याचीही सोय आहे. ५.५.१ मध्ये फोटो वेगळे पाठवावे लागतात.

नातेवाइकाने पाठवलेली फाइल थेट आपल्या झाडात ओतू नका. तिच्यासाठी वेगळं झाड करा, आधी तिथे चुका बघा, आणि जी शाखा खरोखर नवी आहे तेवढीच आणा. दोन मोठी झाडं मिसळून मग दुहेरी नोंदी निवडत बसण्यापेक्षा हवी ती तीस-चाळीस माणसं हाताने भरणं कमी वेळात होतं.

मोठ्या बदलानंतर दोन साधनं चालवा. "चेक अँड रिपेअर" तुटके दुवे, रिकामी कुटुंबं आणि हरवलेले फोटो शोधतं. "व्हेरिफाय द डेटा" असंभव वाटणाऱ्या गोष्टी दाखवतं: जन्माआधी लग्न, नऊ वर्षांची आई, मृत्यूनंतरचा बाप्तिस्मा. दुसऱ्या यादीतली प्रत्येक ओळ चूक असतेच असं नाही. बरोबर असलेली ओळ खूण करून लपवा, म्हणजे पुढच्या वेळी नवीनच तेवढ्या दिसतील.

फाइल बाहेर देताना जिवंत माणसांचा विचार सर्वांत आधी. एक्स्पोर्टच्या खिडकीत खासगी नोंदी वगळण्याचा आणि जिवंत व्यक्तींचा तपशील गाळण्याचा पर्याय असतो. मृत्यूची नोंद नसेल तर सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. ग्रॅम्प्समध्ये त्यासाठीची कमाल वयोमर्यादा सुरुवातीला ११० वर्षं असते आणि ती बदलता येते. ज्यांचा जन्म आणि मृत्यू दोन्ही भरलेले नाहीत त्यांच्याबद्दल हा अंदाज नातेवाइकांच्या तारखांवरून लावला जातो आणि तो चुकू शकतो. माणूस गेल्याचं नक्की ठाऊक असेल पण तारीख नसेल, तर तारखेविना मृत्यूची घटना जोडा. टिपणांतही डोकावा, कारण आजोबांच्या टिपणात लिहिलेला नातवाचा फोन नंबर या गाळणीत अडकत नाही. तयार झालेली फाइल पाठवण्याआधी एका रिकाम्या झाडात उघडा आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाचं नाव शोधून पाहा.